डावी तार, उजवी तार

मी, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडचा मालक, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, धंदा जळालेल्या विजेच्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळण्याचा आणि गेली चोवीस वर्षे शाळेतल्या मुलांना यंत्रे बनवायला शिकवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. यापूर्वी तीन मृत्युपत्रे लिहून फाडली, ती रद्द समजावीत.

१. राहते घर, सामान आणि बँकेत जे असेल ते माझ्या बायकोचे. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. गॅसची नळी वेळेवर बदलावी. शेवटची कधी बदलली ते सिलिंडरमागे भिंतीवर खडूने लिहिले आहे. ते पुसू नये.

२. थोरल्याला माझी स्कूटर. तिचा मागचा ब्रेक उशिरा लागतो, हे चार वेळा सांगितले आहे, पाचव्यांदा इथे लिहितो. त्याला शेडची जागा फरशीवाल्याच्या गोदामाला द्यायची आहे. म्हणतो, "बाबा, भंगारात किती जीव अडकवाल?" माझा राग नाही. दहावीत त्याचा विज्ञानाचा प्रकल्प रात्रभर बसून मीच करून दिला. त्याला बक्षीस मिळाले आणि हातात पाना धरायची गोडी कायमची गेली. दोष माझा.

इथे उठून शेडमध्ये जाऊन आलो. सोल्डरिंग आयर्न चालू राहिले असे वाटले. बंद होते.

३. सर्व हत्यारे शेडसोबत जातील. आखूड मुठीचे स्क्रू ड्रायव्हर लहान मुलांसाठी आहेत, मोठ्यांनी उचलू नयेत. वरच्या फळीवर मुलांची फसलेली यंत्रे आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली आहे आणि काय चुकले ते ज्याचे त्याने लिहिले आहे. ती फळी भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नये.

४. शेजारच्या शिंप्याने ठोकाठोकीविरुद्ध माझ्यावर तीन अर्ज केले. अर्जांत खोटे काही नव्हते, म्हणून जास्त लागले. शेडमधल्या पोरांनी त्याच्या शिलाई मशीनची मोटार नीट करून दिली, तेव्हापासून अर्ज थांबले. पण आभार आजतागायत नाहीत. त्याला माझी कानात घालायची रबरी बुचे द्यावीत. नवी आहेत.

५. शेडचा नियम एकच: शिकवणाऱ्याचे हात मागे. मूल काम करत असताना आपण दोन्ही हात पाठीशी धरायचे. तोंडाने हवे ते विचारावे. "करंट बॅटरीतून निघाला, आता कुठे गेला? बोटाने दाखव." चूक समोर दिसत असली, जीव कासावीस झाला, तरी हात लावायचा नाही. थोरल्याचे नुकसान झाल्यावर सुचलेला हा नियम आहे.

६. हा नियम मी एकदा मोडला. हे कलम लिहिता येईना म्हणून आधीची तीन मृत्युपत्रे फाडली.

सतरा वर्षांपूर्वी शेडमध्ये एक बारा वर्षांची मुलगी येत असे. पहिल्याच दिवशी तिने बॅटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या. बाकीचे पळाले आणि ही म्हणाली, "पुन्हा करू?" तेव्हापासून ती ठिणगी. शाळाशाळांच्या स्पर्धेसाठी तिने काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी केली. पट्टी डावीकडे वळली की गाडीने डावीकडे वळायचे. तिची उजवीकडे वळे. पट्टी बघणारे दोन डोळे पुढे बसवले होते, त्यांच्या तारा डाव्याच्या उजव्या झाल्या होत्या. मला लगेच दिसले. तिला दिसेना.

स्पर्धेच्या सकाळी ती कॉम्प्युटरपाशी गेली होती. मी तेवढ्यात दोन्ही तारा काढून अदलाबदल केल्या. अर्धे मिनिटही लागले नसेल. तिकडे तिलाही चूक सापडली होती आणि तिने प्रोग्रॅममध्ये डावे-उजवे बदलले होते. दोन्ही दुरुस्त्या बरोबर, म्हणून गाडी पुन्हा चूक. चालवून पाहायला वेळ उरला नाही, तिचे नाव पुकारले. पहिल्याच वळणाला गाडी उलटी वळली आणि टेबलावरून खाली पडून फुटली.

मुख्याध्यापिका सर्वांसमोर म्हणाल्या की, घाई नडली, नीट बघायला नको होते का. ती माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "मी दुरुस्त केलं होतं, सर."

मी गप्प राहिलो. त्या दिवशीही माझे हात मागे होते, पण लपवायला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

७. शेड, हत्यारे आणि वरची फळी ठिणगीला. ती आता इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. अट एकच: नव्या मुलांना पहिल्या दिवशी कलम सहा वाचून दाखवावे. तिने नाही म्हटले तर शेड थोरल्याची, मग फरशा ठेवा. तिसरे नाव माझ्याकडे नाही.

८. हे कलम आज सर्वांसमोर लिहीत आहे. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि ठिणगी यांना बोलावले होते. तिला बाकी काही सांगितले नव्हते, धीर झाला नाही. कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचले. कलम सहाला मी पाणी आणायला उठलो. ठिणगीने बसा म्हटले.

मग म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी नेऊन गाडी उघडली, तारा बदललेल्या होत्या."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

तिने साक्षीसाठी पेन उघडले. वकीलबाईंनी अडवले, म्हणाल्या की, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीची सही करू नये. शेड नको असेल तर खुशाल करा, असेही म्हणाल्या. तिने हातात पेन धरूनच वरच्या फळीकडे पाहिले. मी दोन्ही हात पाठीशी धरले. मग तिने पेनाला टोपण लावले आणि ते वकीलबाईंना परत दिले.

एक साक्षीदार कमी पडला, म्हणून शेजारून बोलावून आणला.

ठिकाण: शेडमधले मोठे टेबल
दिनांक: १२ जून, सोमवार, सकाळचे साडेअकरा

मृत्युपत्र करणार: (सही) शेडवाले सर

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. हे गृहस्थ शुद्धीवर आहेत, फक्त दोनदा उठून पंख्याचे बटण बघून आले.

साक्षीदार २: (सही) शेजारचा शिंपी. कलम चार वाचले. मशीन चांगले चालते. बुचे नकोत.