पडदे ओढलेली गल्ली

गुरुवार, ३ मार्च १९६६

आले एकदाची सॅल्फर्डला. कॉर्नवॉलहून निघताना आईनं असा चेहरा केला होता, जणू मला काळ्या पाण्याची शिक्षा झालीय. इथल्या ग्रंथालयानं मला शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा इतिहास लिहायला नेमलंय, आणि राहायला पॅडॉक रो या गल्लीतल्या रांगेचं टोकाचं घर दिलंय. आजूबाजूची गिरणी, चॅपल, सार्वजनिक न्हाणीघर, कोपऱ्यावरचे पब, सगळं पाडून झालंय. विटांच्या ढिगाऱ्यांत ही एकच रांग उभी आहे. कामाच्या इतकं जवळ राहायला कुणाला मिळतं?

किल्ली शेजारच्या एंटविसलबाईंकडे होती. साठी उलटलेली, काटक बाई, गुडघ्यांवर बसून दाराची पायरी घासत होती. मागच्या दाराची किल्ली हरवलीय म्हणाल्या आणि पुढची हातात ठेवली. कुलूप गंजलेलं, लाकूड फुगलेलं. खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे उघडलं. मागे वळून बघते तर बाईंचा ब्रश हातातच थांबलेला. पलीकडचा म्हातारा क्लेगही उंबऱ्याशी येऊन बघत होता. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, पण तासाभरात चहा आणि मटण भरलेली गरम पाई घेऊन दोघं आले, मागच्या अंगणातून. मागचं दार त्यांनी स्वतःच्याच किल्लीनं उघडलं. मघाशी हरवलेली किल्ली इतक्यात सापडली तरी कशी, हे विचारायचं मी विसरले. पाई मात्र झकास होती.

शनिवार, ५ मार्च

म्हातारा क्लेग म्हणजे माझ्या पुस्तकाची खाणच. गिरणीची चिमणी कशी कोसळली, चॅपलचं छत उतरवताना बायका कशा रडल्या, सगळं साभिनय सांगतो. मी विचारलं, मग तुमचीच रांग कशी वाचली? तो हसला. पाडणारी टोळी याआधी दोनदा आली होती म्हणे, आणि दोन्ही वेळा गल्लीत कुणीतरी वारलेलं. कुणी गेलं की इथे झाडून सगळी घरं पुढचे पडदे ओढून घेतात. टोळीचा मुकादम इथलाच, त्यानं पडदे पाहिले, टोपी काढली आणि यंत्र माघारी नेलं. मग कचेरीत कागद फिरत राहिले आणि रांग वाचली.

"घरात मढं असताना भिंतीला हात लावायला कुणी धजेल का, पोरी?" म्हातारा म्हणाला.

पुस्तकासाठी छान मजकूर आहे. खरं सांगायचं तर मला गहिवरून आलं.

गुरुवार, १० मार्च

टोळी मंगळवारी येणार असल्याची नोटीस खांबावर लागलीय. मला वाटलं, रडारड होईल, ट्रंका बाहेर येतील. छे. कुणी साधी बशीसुद्धा कागदात गुंडाळलेली नाही. एंटविसलबाईंनी उलट खाटकाकडे डुकराच्या मांडीचं मोठं हॅम सांगितलंय. कशासाठी, तर मंगळवारी चहाला माणसं येतील म्हणून. घर पाडायच्या दिवशी पाहुणे?

मग मी ते पुढच्या दाराचं विचारलं. इथे सगळे मागून ये-जा करतात, मग पुढचं दार कशाला ठेवलंय? एकतर नवरी बाहेर पडायला, म्हणाल्या, नाहीतर शवपेटी.

"आणि तू काही नवरी नव्हतीस."

मी हसून घेतलं. गल्लीत शेवटचं कोण वारलं, हेही विचारलं. आधी टपालखात्यातला एक तरुण कारकून, मग एक नर्स. दोघं बाहेरगावचे. दोघं माझ्याच घरात. दोघांना किल्ली कुणी दिली होती, हे विचारायची गरज उरली नाही.

शनिवार, १२ मार्च

डोकं ताळ्यावर ठेवायला हवं. ही माणसं मला घाबरवून हाकलू बघताहेत, दुसरं काही नाही. भाचीबिचीला हवं असेल घर.

पण सकाळी बस माझ्यासमोरून गेली, थांबली नाही. वाण्यानं मला डावलून मागच्या बाईला चहापत्ती दिली. मी काउंटरवर मूठ आपटली, त्यानं मान वर केली नाही. एंटविसलबाईंनी त्यालाही फितवलं असणार. आणि बसवाल्याला? इतक्या सगळ्यांना?

चहाला कडवट वास येतो, बाईंनी आणून दिलेल्या. ओतून दिला.

सोमवार, १४ मार्च

निघणार होते. पाय उचलत नाहीत, अंग शिशासारखं जड. चहा तर प्यायलेच नव्हते. की पहिल्या दिवसापासून पीतच होते—

मागचं दार बाहेरून बंद. पुढचं उघडं आहे. सताड. मी उघडलेलं नाही.

मंगळवार, सकाळ

पडदे. रांगेतले सगळे. माझेही, आणि मी हात लावलेला नाही.

यंत्राचा आवाज आला. भिंतीला धरत धरत बाहेर गेले. मुकादमासमोर उभी राहून सांगितलं, इथे कुणी मेलेलं नाही, हे सगळं खोटं— त्यानं टोपी काढली. माझ्याकडे नाही, माझ्या दाराकडे बघत. मग एंटविसलबाईंना विचारलं, कोण गेलं.

"टोकाच्या घरातली पोर. नवीनच होती बिचारी."

यंत्र वळलं. मी त्याच्यामागे ओरडत— आवाज निघत होता का माझा? मला तरी ऐकू येत होता.

मंगळवार, दुपार

पुढच्या खोलीत आहे. मयताच्या घरात करतात तसं घड्याळ थांबवलंय. आरशावर चादर. हॅमचा वास. काळे कपडे घातलेली माणसं माझ्या खुर्चीला वळसा घालून जातात, बघत कुणीच नाही. एंटविसलबाई मात्र बघतात. त्या एकट्याच. केस विंचरले माझे, हळुवार. म्हणाल्या,

"रडू नकोस पोरी. जन्म गेला माझा ती पायरी घासण्यात. मला दुसऱ्या गल्लीत नाही मरायचं."

मलाही नाही मरायचं. तेच म्हणाले. हात पुढे केला, म्हटलं लावून बघा, गरम आहे. त्यांनी लावला. बराच वेळ धरून ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंच होतं. मग म्हाताऱ्या क्लेगकडे वळून म्हणाल्या, ऊब आहे हो अजून, पण पेटीपाशी मंडळी खोळंबलीत, तुम्ही पायांकडून धरा, मी इकडून—

मी लिहितेय, बघा ना कुणीतरी, हे मी लिहिते—