जपानी गाड्यांचा दहावा, माझ्या मते आठवा, मेळावा

१६ मे १९९३, रविवार. साउथहॅम्प्टन
दोन फेब्रुवारीनंतर आज लिहितो आहे. साडेतीन महिने गप्प राहिल्याबद्दल या वहीची मनापासून माफी मागतो. कारण आळस. आधी 'कामाचा ताण' असं लिहिलं होतं, पण ते खरं नव्हतं, म्हणून खोडलं.
आज सर्क्युलर आलं. आमच्या जपानी मोटार क्लबचा दहावा वार्षिक मेळावा ११ जुलैला, नेहमीप्रमाणे रॉम्सीजवळ आमचा सभासद कीथ याच्या सासऱ्यांच्या शेतावर. ठरवलं, मेळाव्याचा इतिहास लिहायचा आणि त्या दिवशी सर्वांसमोर उभं राहून वाचायचा. मला कुणी सांगितलेलं नाही. पण पहिल्यापासूनचा आणि रोजच्या नोंदी ठेवणारा सभासद मीच आहे. यात अहंकार आहे का? वीस मिनिटं तपासलं. नाही.

१९ मे, सकाळी ७
पहिलं प्रकरण झालं. १९८४: सहा गाड्या, एक थर्मास. त्या काळी जपानी गाडी घेतली की शेजारी तोंड वाकडं करायचे. कीथचे वडील ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेले. ते मुलाच्या गाडीत कधीच बसले नाहीत. मेळाव्याला मात्र यायचे, बसने. भारतीय आम्ही दोघेच: क्लबचा सेक्रेटरी डॉ. शशिधर आणि मी. माझी डॅटसन तेव्हा आठ वर्षांची होती. दिसायची दोन वर्षांची.

२३ मे
अडचण. मेळावे मोजले. ८४ आणि ८५ झाले. ८६ आणि ८७ला मैदानात पाणी साचल्यामुळे रद्द. मग ८८ ते ९३ धरून सहा. एकूण आठ. सर्क्युलरमध्ये दहा!
शशिधरला फोन केला. तो म्हणाला, "अरे, दहा ऐकायला बरं वाटतं. सोड ना." मी म्हणालो, इतिहासात 'बरं वाटतं' चालत नाही. तो म्हणाला, "पद्माकर, जरा बागेत जाऊन बस. ऊन छान पडलंय." भूलतज्ज्ञ आहे. माणसाला बोलता बोलता झोपवायची सवय.

३० मे
दुसरं प्रकरण, १९८५. त्या वर्षी गाड्यांच्या स्पर्धेचा परीक्षक मी होतो. क्लबची कल्पना अशी की परीक्षकाने एक फेरी मारावी, चार बॉनेटांवर थाप द्यावी आणि हसत हसत कुणाला तरी कप द्यावा. मी टॉर्च, आरसा आणि लोहचुंबक घेऊन गेलो. पत्रा खरा असेल तर चुंबक चिकटतं, गंजाच्या भोकात लांबीचा लगदा भरलेला असेल तर गळून पडतं. कीथच्या गाडीवर ते अकरा ठिकाणी गळून पडलं. ती ठिकाणं मी मेगाफोनवरून सांगितली, सगळ्यांना शिकण्यासारखं होतं म्हणून. शंभरपैकी ३१. गाडी त्याच्या वारलेल्या भावाची होती, हे मला नंतर कळलं. गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता. कीथची बायको मॉरीन रडली.
स्वतःची गाडी स्वतः तपासणं योग्य नव्हतं. म्हणून ते काम मीनलला दिलं. माझी आणि सुप्रभाची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. तिने ९७ दिले. मी एक कापला. कप मलाच मिळाला. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण बहुतेकांच्या हातात चहा होता.

५ जून
१९८८ पासून माझी ओव्हरफ्लो कार पार्कच्या, म्हणजे जादा गाड्यांच्या वाहनतळाच्या, प्रमुखपदी नेमणूक. मुख्य मैदानापासून दोन शेतं पलीकडे. पिवळं जॅकेट, स्वतंत्र खुर्ची. पाच वर्षांत तिथे तीन गाड्या आल्या, त्यातली एक गुरांच्या डॉक्टरची, रस्ता चुकलेली. गोंधळ मात्र एकदाही झाला नाही. याचं श्रेय मी स्वतः घेणार नाही. इतिहासात 'एका सभासदाला' असं लिहीन.

१२ जून, शनिवार
रद्द झालेल्या दोन वर्षांना पुरावा हवा, म्हणून लायब्ररीत गेलो. इथलं साप्ताहिक, जुलै १९८६, पान नऊ. 'जपानी गाड्यांचा तिसरा मेळावा उत्साहात.' खाली फोटो. आधी वाटलं, छापणाऱ्यांची चूक. भिंग मागून घेतलं. कीथ बॉनेटवर बसलाय, हसतोय. हातात काहीतरी गोल, अर्धं खाल्लेलं. स्कॉच एग असावं, खिम्यात गुंडाळून तळलेलं अंडं. शेजारी शशिधर. त्याच्याही हातात तेच. दोघांच्या मध्ये एक लहान मुलगी, फ्रॉकवर मोठाली बदकं. तो फ्रॉक मी क्रॉयडनहून आणला होता.
घरी येऊन माझीच ८६ची वही काढली. '१३ जुलै. शशिधरचा फोन. मैदानात पाणी, मेळावा रद्द. आमच्याकडे कडक ऊन. सुप्रभा हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या पार्टीला ऐंशी बटाटेवडे घेऊन गेली, मीनललाही नेलं. मी दिवसभर गाडी पॉलिश केली. मला वडा ठेवला नव्हता.'
८७च्या वहीतही तेच. फक्त वडे एकशेवीस.

१३ जून
मीनलला विचारलं. म्हणाली, "बाबा, आय थॉट तुला माहीत होता." मी सांगितलं, 'माहीत होतं' म्हण, 'होता' नाही. ती म्हणाली, "ओके. ती दिवस खूप छान होती. एव्हरीवन वॉज लाफिंग."
मग सुप्रभाला विचारलं. ती आणि मॉरीन एकाच वॉर्डात नर्स आहेत. कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "शशिधरभावजींना बोलू नका. मीच सुचवलं. अहो, वर्षातून एक रविवार. तेवढाही मिळू नये का लोकांना?"
मी विचारलं, मग ८८ला परत का बोलावलं? तिने चादर झटकली. "तुम्ही कमिटीला आराखडा पाठवलात ना, शेतातल्या पाण्याचा निचरा कसा करायचा त्याचा. सात पानी. लाज वाटली सगळ्यांना."
आराखडा चांगला होता, हे तिने नाकारलं नाही.

२० जून
सगळ्यांना क्षमा केली. अठ्ठेचाळीस मिनिटं लागली.
मग स्वतःलाही सोडलं नाही. कीथवर माझ्या हातून अन्याय झाला का? ८५ची गुणपत्रिका काढली, तीन संध्याकाळी घालवल्या. जड मनाने कबूल करतो, चूक झाली होती. मागच्या दिव्याखालचा गंज माझ्या नजरेतून सुटला होता. खरे गुण २९. मेळाव्यात हे जाहीर करून कीथची माफी मागणार. मेगाफोनवरूनच, कारण तेव्हाही तोच होता.

१ जुलै
इतिहास पूर्ण. चौसष्ट पानं. घड्याळ लावून वाचला, एक तास पन्नास मिनिटं. ८६-८७ची हकीकत घातली आहे. कुणाला दोष दिलेला नाही, फक्त नावं दिली आहेत. एक प्रत शशिधरला आधी पाठवली, म्हणजे माइकची सोय नीट करता येईल. ब्लेझर ड्रायक्लीनिंगला टाकला.

५ जुलै
सुप्रभा म्हणाली, "नका ना वाचू. निदान मॉरीनसमोर तरी नको. पाया पडते तुमच्या." व्यासपीठावर जायचंय मला आणि टेन्शन हिला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी घाबरत नाही.

९ जुलै, शुक्रवार, संध्याकाळी ६
शशिधरचा फोन. मैदानात पाणी साचलंय. मेळावा रद्द.
तीन आठवडे थेंब पडलेला नाही. आमच्या लॉनला भेगा गेल्या आहेत. मी विचारलं, किती पाणी? "घोट्याएवढं," म्हणाला. मग, "नाही रे, गुडघाभर." मी म्हणालो, पाइप फुटला असेल. तो म्हणाला, "हो, पाइपच. थँक यू, पद्माकर." कशाबद्दल ते बोलला नाही.
स्वयंपाकघरात गेलो. सुप्रभाने वर न बघता सांगितलं, रविवारी वॉर्डात पार्टी आहे, दोनशे वडे करायचेत, मीनल मदतीला येतेय. प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. तिलाही ते कळलं. मिरच्या चिरणारी सुरी थांबली. मी विचारलं, "मला एखादा ठेवशील?"
"बघते," ती म्हणाली. सुरी परत सुरू झाली.
इतिहासात शेवटची ओळ घातली. '१९९३. मैदानात पाणी. रद्द.' म्हणजे माझ्या हिशेबाने आता आठही नाहीत. सातच.

उद्या: बटाटे आणणे, दहा किलो.