मिसळ संपली

डोंबिवली (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२५

श्री. सहदेव यांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं आडनाव मला माहीत नाही, म्हणून पाकिटावर नुसतं ‘सहदेव, वाढपी’ एवढंच लिहिलं आहे. इतकी वर्षं तुमच्या हातून चहा घेतला आणि आडनाव कधी विचारलं नाही. आमच्या सुशिक्षित गल्लीत याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. तुम्ही आता टिटवाळ्याच्या ज्या भोजनालयात आहात, त्याचा पत्ता तुमच्या जुन्या हॉटेलातल्या चांगदेव आचाऱ्यांकडून घेतला. तुमचा गुडघा अजून दुखतो असं ते म्हणाले. काळजी घ्या.

मी मंदाकिनी, प्रभाकर अण्णांची मुलगी. रोज सकाळी दहाला येऊन खांबामागच्या टेबलावर बसायचे ते अण्णा, माझे वडील.

इकडे सर्व ठीक आहे. दिवाळीत माझ्या चकल्या बिघडल्या, त्या ‘यंदा जरा वेगळ्या केल्यात’ म्हणून शेजारी वाटल्या. जुलैत अण्णांना ऐंशी पूर्ण झाली. माझी मुलगी मैथिली बाळकुमला राहते, तिनं त्यांना तिथल्या एका नव्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेलं. अन्न उत्तम होतं, हे लिहिलंच पाहिजे. सेवा त्याहून उत्तम. भर मध्यावरचं टेबल, वरून दिवा सोडलेला, पातळ काचेचे उंच ग्लास काठोकाठ भरलेले, पसरट बशीत वाफाळतं सूप. पाठीशी तीन वेटर. दर दोन मिनिटांनी एक जण वाकून विचारायचा, “सब ठीक है ना, सर?”

सर चमचा उचलत नव्हते. “मला भूक नाही,” म्हणाले.

“आजोबा, असं काय करता? तुमच्यासाठी तर आलोय!” मैथिली म्हणाली.

मग त्यांनी चमचा उचलला, आणि तो बशीवर वाजायला लागला. इतका, की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. त्यांनी तो खाली ठेवला, पाण्याला हात घातला, ग्लास आडवा झाला. तिघंही वेटर फडकी घेऊन धावले. त्यांचं काहीच चुकलं नाही. पाठोपाठ मॅनेजरनं केक आणवला, सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवल्या, आणि अण्णा ओल्या पँटनं, दोन्ही हात टेबलाखाली धरून, टाळ्या संपायची वाट बघत बसले.

तेव्हापासून ते आमच्याबरोबर जेवत नाहीत. ताट खोलीत नेतात, दार लावतात. अर्धं अन्न परत येतं. चार महिन्यांत वजन सात किलोंनी उतरलं. डॉक्टर म्हणाले, हाताचा हा कंप दोन वर्षांचा तरी असणार. दोन वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही. चाळीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर केसासारख्या रेषा मारलेला माणूस. हात लपवायचीही त्यांनी नीट आखणी केली असणार. मी उठायच्या आत चहा, मी लिहायला बसले की जेवण.

बघा, अजून मी मुद्द्यापासून लांबच फिरते आहे. एरवी लोकांची उणीदुणी पहिल्याच ओळीत काढते.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या जुन्या हॉटेलात गेले. अण्णांना तिथे परत आणावं असा विचार होता. काउंटरवर हितेशशेट. मला बघून खूश. “या मॅडम! अण्णांना सांगा, आता सर्व्हिस एकदम टॉप. तो लेख आला ना, त्यानंतर सगळं बदलून टाकलं मी.” आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मार्चमधलं एक कात्रण चिकटवलेलं होतं.

कुठलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात नाव नव्हतं, पण तो वेटर तुम्हीच. चहा अर्धा कप देणारा. थालीपीठाचे बालवाडीला शोभतील असे तुकडे करून खोलगट वाडग्यात आणणारा. डावाएवढा जड चमचा देणारा. पदार्थ कोमट झाल्याशिवाय न आणणारा. गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून बसवणारा. आणि शेजारच्या टेबलावर मिसळ जात असताना तोंडावर “मिसळ संपली” सांगून शिरा आणून ठेवणारा. ‘इतक्या शांतपणे खोटं बोलणाऱ्या माणसाला निवडणुकीला उभं केलं पाहिजे,’ असंही एक वाक्य होतं. लोकांना ते फार आवडलं.

भिंतीसमोर उभं राहून मी ते पुन्हा वाचलं. एकेक ओळ वाचताना मला बाळकुमचं टेबल दिसत होतं. काठोकाठ ग्लास, पसरट बशी, वरचा दिवा.

लेखावर टोपणनाव आहे. तो मी लिहिला. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मी अण्णांबरोबर आले होते.

तुम्हाला पार्सलच्या खिडकीवर बसवलं आणि आठवड्यानंतर तुम्ही काम सोडलंत, असं हितेशशेट म्हणाले. अण्णांनीही त्याच सुमारास हॉटेल सोडलं होतं. “चव गेली तिथली,” एवढंच बोलले. मला वाटलं, माझा लेख वाचून त्यांचे डोळे उघडले. मला बरंसुद्धा वाटलं होतं, सहदेव.

दोन गोष्टी मागते. पहिली, माझ्या सदरात तुमच्या नावानिशी जाहीर माफी छापायची परवानगी. दुसरी मागायचा मला हक्क नाही, तरी मागते. तुम्ही हे कसं करत होतात? परवा मी अण्णांना मुद्दाम अर्धा कप चहा दिला. त्यांनी कपात पाहिलं, मग माझ्याकडे. “दूध संपलं का गं, मंदा?” म्हणाले, कप सरकवला आणि खोलीत गेले. तुमचा अर्धा कप ते रोज पीत होते. माझ्यात काय चुकतं?

मंदाकिनी

——

टिटवाळा
१९ नोव्हेंबर

मंदाताई, नमस्कार.

मी बोलतोय आणि माझी सून दर्शना लिहितेय. माझं अक्षर तुम्ही वाचलंत तर त्याच्यावर पण लेख लिहाल.

लेख तुमचा आहे हे मला त्याच दिवशी कळलेलं. त्या टेबलावर दुसरं बसलेलं कोण? हितेशशेटना मी बोललो नाही. आणि तुम्ही लिहिलेलं खोटं नव्हतं. चहा अर्धाच होता. मिसळ होती.

अण्णांनी मला कधी काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. एकदा रस्सा त्यांच्या शर्टावर सांडला. मग तीन दिवस आलेच नाहीत. चौथ्या दिवशी आले तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, मिसळ संपली.” सकाळचे दहा वाजलेले. दहा वाजता कुठल्या हॉटेलातली मिसळ संपते ओ? त्यांनी माझ्याकडे बघितलं नि बोलले, “बरं, मग काय आहे?” बस. पुढे दोन वर्षं आमच्याकडे मिसळ रोज संपायची.

तुमचं काय चुकतं विचारलंत. राग मानू नका, तुम्ही हाताकडे बघता. वाढताना टेबलाकडे बघायचं, काय कमी आहे ते. माणसाच्या हाताकडे नाही. आणि अर्धा कप तुम्ही त्यांना एकट्यांनाच दिलात. त्या दिवशीचं आठवा. तुमचा पण कप अर्धाच होता, तुमच्या थालीपीठाचे पण तुकडे होते, म्हणून तर एवढ्या चिडलात. एकट्याला अर्धा दिला तर माणूस आजारी ठरतो. सगळ्या टेबलाला दिला तर हॉटेल भिकार ठरतं. ठरू दे. हॉटेलाला कुठे लाज असते?

दर्शना बोलतेय, “बाबा, काम कसं सुटलं ते पण लिहा ना.” तर ऐका. पार्सलच्या खिडकीतून आतलं टेबल दिसत नाही. दुसरा वेटर अण्णांना कप भरून द्यायचा. मला आत जायची बंदी. आठ दिवस ते आले, नवव्या दिवशी आले नाहीत. मग मी पण नाही गेलो.

मला घरी बोलवू नका. मी आलो की आपण दोघं बोललोय हे त्यांना कळणार. आणि माफी तर मुळीच छापू नका. ते तुमचं सदर वाचतात, वर्तमानपत्र घेऊनच हॉटेलात यायचे. त्यांनी ते वाचलं की मग कुठल्याच टेबलावर बसायचे नाहीत. माझ्या नावाचं राहू दे.

सहदेव

——

डोंबिवली
१२ डिसेंबर

सहदेवराव,

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं सगळंच बिघडलं. ताटं माळ्यावर गेली; विचारलं तर सांगते, भांडीवाली बाई सुट्टीवर आहे. आमटी, भात, भाजी, सगळं एकाच खोलगट वाडग्यात, कोमट. पोळी मी कढईतच कुस्करते. चहा अर्धा कप, माझाही. दहा दिवस काही झालं नाही. अण्णा वाडगा खोलीत न्यायचे. फक्त तो रिकामा परत यायला लागला.

रविवारी मैथिली आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या घासाला भडकली. “आई, हे काय आहे? गार आमटी, पोळीचा चुरा! आणि तू लोकांच्या किचनवर लिहितेस?”

“नसेल आवडत तर खाली हॉटेलं आहेत,” मी म्हटलं.

“मी खरंच जाईन हां!”

खोलीचं दार उघडलं. अण्णा आपला वाडगा छातीशी धरून बाहेर आले. त्यांनी माझ्या वाडग्यात बघितलं, मग तिच्या. खुर्ची ओढली. मी टेबलावर मीठ आहे की नाही ते बघत होते.

“तिला बोलू नकोस, मैथिली,” अण्णा म्हणाले. “तुझ्या आईला स्वयंपाक कधी जमलाच नाही. आपण चालवून घ्यायचं.”

आणि ते जेवले. चमचा वाजत होता. मैथिली त्याहून मोठ्यानं मला बोलत होती, त्यामुळे कुणाला ऐकू आला नाही. जेवण झाल्यावर अण्णांनी अर्धा कप चहा मागितला, तो संपवून आणखी अर्धा. तेव्हापासून रोज टेबलावर येतात. रोज माझ्या हातच्या चवीवर काहीतरी बोलतात. काल वरच्या मजल्यावरचे पाहुणे आले, त्यांच्यासमोरही बोलले. मी मान डोलावून सगळ्यांना अर्धाच कप चहा दिला. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

मी तुमची माफी लिहून ठेवली आहे. तुमच्या नावानिशी, एकही विनोद न करता. ती अण्णांच्या नजरेला पडता कामा नये, हे मला पटलं आहे. याचा अर्थ तुम्हालाही समजतोच. अण्णा आहेत तोवर ती माझ्या कपाटात राहणार, आणि तोवर डोंबिवलीत लोक तुम्हाला माझ्याच शब्दांनी ओळखणार. तुमचं नाव गेलं ते माझ्यामुळे, आणि ते परत करायचं लांबवते आहे तीही मीच.

तुम्हाला थांबावं लागेल, सहदेवराव. फार फार वर्षं थांबावं लागो, असंच मी रोज देवाकडे मागते. या मागण्याबद्दल वेगळी क्षमा करा.

तुमची,
मंदाकिनी