भुवईतली रिंग

प्रिय चिंगे,

माझं अक्षर बघून दचकली असशील. फोन करायचा सोडून हे काय, असं तुला वाटेल. फोन का नाही केला ते शेवटी सांगते. आधी सगळं नीट वाच, अगदी तू चहाबरोबर मासिक वाचायचीस तसं, आजूबाजूला काय चाललंय याची शुद्ध न ठेवता. मात्र वाचताना कुणी आलंच तर पत्र उशीखाली सरकव.

ताईनं या वयात चेहऱ्याला भोक पाडून घेतलं आणि मग तिचं डोकं फिरलं, असं आईनं तुला सांगितलं असेल. भोक पाडलं हे खरं आहे. डाव्या भुवईत, कानाकडच्या टोकाला, बारीकशी रिंग. दुकानातल्या आमच्या चिमणीला टोचून घ्यायचं होतं, मी नुसती सोबत गेले होते. तिला चिमणी म्हणतात कारण तिची टकळी गिऱ्हाइकासमोरही थांबत नाही. ओठात एक, नाकात दोन, आणि तरी तिला अजून एक हवं होतं. तिथे पोचल्यावर ती भिंतीवरची चित्रं बघत बसली आणि खुर्चीत मी जाऊन बसले. कशी बसले, मला विचारू नकोस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांचे चेहरे बघते. फ्रेम नाकावर नीट बसली का, कानामागे टोचते का, सगळं बघते. आरसा गिऱ्हाइकाच्या हातात आणि मी त्याच्या मागे. त्या दिवशी आरसा माझ्या हातात आला. टोचणारी बाई चांगली जाडजूड, हातात काळे मोजे, शाळेतल्या बाईंसारखी दटावत होती, की श्वास अडवू नका. पेनानं ठिपका काढला, विचारलं इथे चालेल का, मी हो म्हणाले. मग सुई. एक कळ, डोळ्यातून पाणी, संपलं. मी इतकी हसत सुटले की मला चक्कर येतेय असं वाटून तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. चिंगे, कुणालाही न विचारता मी काहीतरी केलं होतं. याआधी असं कधी केलं होतं, ते आठवेना.

मग घरी गेले. तुझा भावजी चिडला नाही. त्याचा आवाज कधी चढत नाही, तुला माहीतच आहे. त्यानं हात धुतले, मला दिव्याखाली नेलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून फिरवला आणि म्हणाला, "छान दिसतंय. काळजी मात्र घ्यावी लागेल. ते माझ्यावर सोड." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो पाणी उकळायचा, गार करायचा, त्यात मीठ घालायचा, कापूस काढायचा आणि स्वयंपाकघरात ट्यूबखाली खुर्ची ठेवून मला हाक मारायचा. चिमणीला सांगितलं तर ती म्हणाली, असा नवरा कुठे मिळतो, पत्ता द्या. मीही हसले होते.

जखम काही भरेना. भुवई सुजली, पापणी जड झाली, रिंगेपाशी पिवळं साचायला लागलं. गिऱ्हाइकं फ्रेमऐवजी माझ्याकडे बघायची. टोचणाऱ्या बाईनं तपासलं, रिंग चांगली आहे म्हणाली, झोपेत ओढली जाते का, केसात अडकते का, असं विचारलं. तसं काही नव्हतं. इकडे तो रोज कापूस पिळताना हळूच विचारायचा, "काढायचं का?" मी नाही म्हणायचे. "तुझी मर्जी," असं म्हणून तो काम सुरू ठेवायचा. मधे कंपनीच्या कामासाठी तो आठवडाभर बाहेरगावी गेला. मी बाथरूममध्ये घाईघाईत आपलं आपण पुसायचे, कधी विसरायचेही. आणि बघता बघता सूज उतरली, गुलाबी कातडी दिसायला लागली. तो परत आला तो बॅग न उघडताच पाणी उकळायला गेला. दोन दिवसांत माझा डोळा पुन्हा अर्धा मिटला होता.

त्याच्या चष्म्याच्या काचा मीच बसवलेल्या आहेत. त्या संध्याकाळी तो माझ्यावर वाकला, ट्यूबचा उजेड माझ्या कपाळावर होता, आणि त्या काचांत मला माझीच भुवई दिसली, एवढीशी. कापूस वर धरून त्याखालून त्याचं नख रिंगेत गेलं होतं आणि तो रिंग फिरवत होता. जोरानं नाही गं. स्क्रू पिळावा तसं, थोडं थोडं. चेहरा इतका शांत, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी म्हणाले, "दुखतंय." तो म्हणाला, "दुखणारच. काढायचं का?"

तेव्हा मला पुष्कळ गोष्टी एकदम कळल्या. माझ्या सायकलचा ब्रेक सारखा निकामी व्हायचा, शेवटी मीच सायकल सोडली. गाण्याच्या क्लासला निघताना हमखास किल्ली हरवायची, क्लासही मीच सोडला. तुझ्याकडून परतताना वाटेत तो सांगायचा, तू माझ्यामागे काय काय बोललीस ते, अगदी वाईट वाटल्यासारखा, नाइलाजानं. मग तुझ्याकडे येणंही मीच बंद केलं. हे सोड, ते सोड, असं तो एकदाही म्हणाला नाही. तू मला ताई बदलली म्हणालीस, आणि ते मला लागलं होतं. आता सांगते, तू बरोबर बघत होतीस.

मी उद्या बघू, एवढंच म्हणाले. सकाळी रोजच्यासारखा डबा घेतला, दुकानात गेले आणि संध्याकाळी घरी परतलेच नाही. सध्या चिमणीच्या मावशीकडे आहे, लाँड्रीच्या वरच्या खोलीत. तो दुकानात आला होता. मालकीणबाईंसमोर हात जोडून उभा राहिला, डोळ्यात पाणी. तिची तब्येत बरी नाही, जखमेचं विष डोक्यात गेलंय, तिला सांभाळून घ्या, असं सांगत होता. बाईंना सगळं ठाऊक असूनही त्या त्याला खुर्ची द्यायला निघाल्या होत्या. मी आत काचा घासायच्या मशीनमागे बसून ऐकत होते. जाताना त्यानं चष्मा काढून दिला, दांडी सैल झालीये म्हणाला, स्क्रू आवळून घेतला, आभार मानले आणि गेला.

परवा संध्याकाळी मी दुकानातून आईला फोन केला. तू जिन्यावरून पडलीस, नडगीला टाके पडले, हे मला तेव्हा कळलं. मी रडायला लागले तर आई म्हणाली, "अगं, काळजी नको करू. जावई रोज संध्याकाळी तिच्याकडे जातात, ड्रेसिंग करतात. हात किती हलका आहे त्यांचा!" आणि त्याच दमात म्हणाली, की एव्हाना टाके निघायला हवे होते, पण जखम सारखी उघडतेय, डॉक्टरही चक्रावलेत. मी लगेच तुला फोन लावला. तो त्यानं उचलला. दुकानाचा नंबर ओळखून तो अगदी प्रेमानं म्हणाला, "भुवई बरी आहे का?" पट्टी सोडताना तो तुला रोज काहीतरी विचारत असणार. माझा पत्ता, किंवा आमच्याकडे राहायला येतेस का, मला माहीत नाही. उत्तर देऊ नकोस, आणि आज तो यायच्या आत तिथून नीघ. पत्र घेऊन आलेली मुलगी चिमणीच आहे. खाली गाडी उभी आहे, ती तुला धरून उतरवेल. औषधांची पिशवी तेवढी घे, बाकी सगळं राहू दे. मी दवाखान्याच्या दारात थांबले आहे, पट्टी तिथल्या नर्सबाई सोडतील. तुझा माझ्यावर राग असेल तर तो इथे आल्यावर काढ, पण ये.

तुझीच,
ताई