बाबाचा वाव

प्रिय बाबा,

तुझा सचिन आज सकाळी भरलेली होडी घेऊन सुखरूप बंदराला लागला. चार दिवसांनी मी पोटभर जेवले आणि ताटावरून उठून तुलाच लिहायला बसले.

तुझ्या वहीवरून मी त्याच्या फोनमध्ये खाडीच्या तळाचं चित्र करून दिलं होतं. कुठे किती पाणी, हे त्याला दिसावं म्हणून. आधी तर तळ वर आणि पाणी खाली आलं! शाळेतल्या आलेखासारखं मी खालून वर मोजलं होतं. स्क्रीनवर शून्य वरच्या कोपऱ्यात असतं आणि मोजणी खाली जाते. पोटापाण्याला रोज हेच करते, तरी विसरले. सचिन म्हणाला, "ताय, दर्या पालथा घातलास."

ती चूक हसण्यावारी गेली. दुसरी नाही.

वहीत तू नुसते आकडे लिहिलेस. काळा खडक, ओहोटीला एक. अरे, एक काय? ऑफिसात कोणी बिनमापाचा आकडा लिहिला की मी त्याला फैलावर घेते. तू वावात मोजायचास, पसरलेल्या दोन हातांएवढ्या मापात, म्हणून मी पुस्तकातला सहा फुटांचा वाव धरला. भरलेल्या होडीला साडेपाच फूट पाणी लागतं. खडकाला वळसा नको, वरूनच जा, असं चित्र सांगू लागलं.

सचिन दर्यावर गेला आणि आईने मला विचारलं, "वाव कोनाच्या हाताचा धरलास? तुज्या बापाचे हात केवरेसे व्हते, इसरलीस?"

तिने अंगणातली बोंबील वाळवायची दोरी सोडली. तुझीच ती, पाणी मोजायची, दर वावाला लुगड्याची चिंधी बांधलेली. टेप लावला. चिंधी ते चिंधी पाच फूट. मी लगेच सचिनला फोन लावला.

चार दिवस फोन लागला नाही. आज पहाटे लागला तेव्हा ओरडलेच, "खडकाला वळसा घाल!" तो म्हणाला, "बरा झाला बोललीस. सरलच निघालो व्हतो."

तू कितीदा होडीत बोलावलंस, "ये, लिवून घे." एकदा तरी का आले नाही मी? दोरी ओढताना तुझे हात दिसले असते.

आता प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत लिहीन, कुणाला पुसू देणार नाही: शून्य म्हणजे ओहोटीचं पाणी, मोजणी खाली, एक वाव म्हणजे बाबाचे दोन हात.

तुझी,
मयू