माझ्या अंगणाकडे तोंड केलेला कट्टा

तीर्थस्वरूप आस्पासिया वन्संना,

पोलिक्सेनीचा वाकून नमस्कार. लारिसा शहरात लिफ्टचं घर घेतल्यापासून तुमचे गुडघे बरे असतील. (आमच्या चढाला लिफ्ट नाही, म्हणूनच बहुधा तुमचं येणं होत नाही.) मी बरी आहे. कोंबड्याही बऱ्या आहेत, फक्त लाजल्यात. कारण सांगते.

आपलं गाव खालच्या नगरपालिकेत घातल्यापासून त्या लोकांनी आपल्याला दिलं काय, तर एक कचऱ्याचा डबा आणि गावाच्या नावाची चुकलेली पाटी. या वसंतात नगराध्यक्ष स्टेर्यिओस (तोच, ज्याचा बाप गाढवावरून चाळण्या विकायचा) वर आला आणि म्हणाला, युरोपचा निधी आलाय, पर्यटकांना दरी बघायला लाकडी कट्टा बांधू. बांधला. पण दरीच्या बाजूला त्याच्या सासऱ्याचे अक्रोड आडवे येत होते, आणि सासऱ्याच्या झाडाला हात लावायची याची छाती नाही, म्हणून कट्ट्याचं तोंडच फिरवलं. आता तिथून दरी दिसत नाही, माझं अंगण दिसतं. वर दुर्बीणही बसवलीय, तिच्यातून माझ्या पातेल्यात काय शिजतंय तेही कळतं. शेजारची अग्लाइया (जन्मभर कुंपणाच्या फटीतून बघत आली, आता तिची सरकारी सोय झाली) परवा मला सांगत होती, की घेवड्यात टोमॅटो कमी पडला.

उद्घाटनाला पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, स्टेर्यिओसने फीत कापली आणि सगळ्यांदेखत दुर्बिणीला डोळा लावला. नेमके त्या दिवशी दोरीवर तुमच्या बंधूंचे लोकरी पायजमे वाळत होते. (ते गेल्यापासून थंडीत मीच घालते. चांगली लोकर आहे, फुकट कशाला घालवायची?) हा गृहस्थ ध्वनिक्षेपकावरून म्हणतो, हे पाहा आपलं अस्सल ग्रामजीवन. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वन्सं. पायजम्यांना.

मी तडक बस धरून पालिकेत गेले. तिथल्या कारकून मुलीने नखं रंगवता रंगवता मला कळवलं, की माझं अंगण आता प्रेक्षणीय स्थळांत मोडतं, तेव्हा कोंबड्यांचं खुराडं परवानगीशिवाय हलवायचं नाही. मग मी सरळ नगराध्यक्षाच्या खोलीत शिरले आणि खुर्ची अडवून बसले.

"स्टेर्यिओ," मी म्हटलं, "दोरीवर तुझ्या आईचे कपडे असते, तर टाळ्या वाजवून घेतल्या असत्यास?"

तो कानापर्यंत लाल झाला. कॉफी मागवली, ती मी प्यायले नाही. शेवटी सोमवारी कट्टा उचलून खालच्या गावात नेतो, असं कबूल केलं त्याने. अशा कुचकामी माणसाकडून गावात आजवर कुणी काही करून घेतलं नव्हतं, ते मी घेतलं. बंधूंच्या थडग्यावर दिवा लावून त्यांनाही सांगून आले.

तुमची भावजय,
पोलिक्सेनी

ता. क. तुमचा मुलगा फोतिस प्रादेशिक कार्यालयात मोठ्या खुर्चीवर आहे ना? त्याला सांगून कट्टा हलवायचं तेवढं थांबवा. का, ते विचारू नका. बरं, विचारलंतच तर, हिवाळ्यात इथे माझ्याखेरीज फारशी धुराडी पेटत नाहीत. कट्ट्यावर येणारी परकी माणसं मूर्ख आहेत, कोंबड्यांचे फोटो काढतात, पण मी अंगणात आले की हात हलवतात. मीही हलवते. परवा धुक्यामुळे कुणी आलं नाही, तर उगाचच दोनदा बाहेर जाऊन पाहिलं. माझं नाव मध्ये आणू नका. अक्रोडांचं काहीतरी सांगा.

आणखी एक. सासूबाईंच्या पेटीतल्या भरतकामाच्या चादरी तुम्ही 'नुसत्या बघायला' म्हणून नेल्यात, त्या पहिल्या बसने पाठवा. माझ्या दोरीवरच्या सगळ्या चादरी कट्ट्यावरच्या लोकांच्या बघून झाल्या.