झरोक्याखालचे हात

५ जून, ढाणकी
आज पोहोचले. खोली बाजारपेठेत, हार्डवेअरच्या दुकानावर. खिडकीतून कडुलिंब दिसतो, पंखा आवाज न करता फिरतो, आणि घरमालकीण शीलाताईंनी न मागता वरण-भात पाठवला. मला एवढं पुरे. काम पैनगंगेकाठच्या एका गावाची पूररेषा आखण्याचं. तिथे नवी शाळा बांधून तयार आहे. रेषेबाहेर आली तर उघडेल, आत आली तर नाही. बाकी सगळं मोजमाप. ते मला आवडतं.

८ जून
पद्धत सोपी आहे. जुना पूर पाहिलेल्या माणसाने भिंतीवर पाणी चढलं होतं तिथे तळहात ठेवायचा, मी त्या उंचीची पातळी घ्यायची. दोन घरांचे हात जुळले तरच आकडा धरायचा. हात ठेवता ठेवता मैनाबाईंनी विचारलं, बाई, तुमी पाण्याले मोजून राह्यल्या, पाण्यानं तुमाले मोजलं मंग? गल्ली हसली. त्यांची नात सुरभी सहा वर्षांची. उजवी करंगळी अर्धीच, उरलेली कडबा कापायच्या यंत्रात गेली. माझाही हात मोजा म्हणून मागे लागली. उपकरणाजवळ मुलं चालत नाहीत, असं सांगितलं. तरी आलीच.

११ जून
शाळेची पातळी घेतली. तिथले शिक्षक राजदीप सर यांनी कुलूप उघडून दिलं. खिडक्यांना गज. छताखाली एक झरोका, जाळी बसायची राहिली आहे. मूल जाईल, मोठं माणूस जाणार नाही. झरोक्याखाली ओले तळहात उमटलेले. लहान मुलाचे, माझा हात पोचणार नाही इतके वर. त्यांच्या खाली एक मोठा हात, घसरत गेलेला. सर म्हणाले, गवंडी नाहीतर त्यांची पोरं शिडीवर चढली असतील. काठीच्या टोकाने खरवडून पाहिलं. नदीचा गाळ. भिंत यंदाची, तिने पूर पाहिलेला नाही. साक्षीदारही नाही. आकडा घेतला नाही.

१८ जून
अहवाल पाठवला. शाळा रेषेबाहेर. भिंत पुन्हा रंगवली. सरांनी पेढे दिले. पोरीले आता दूर जा लागत नाई, म्हणत मैनाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी सहसा कोणाला जवळ येऊ देत नाही. आज मागे सरले नाही.

२३ जून
शाळेचा पहिला दिवस. फुगे, ढोल. पहिलीच्या मुलांचे हात रंगात बुडवून दाराजवळच्या भिंतीवर उमटवले. सुरभीचा उजवा ठसा वाळेपर्यंत पाहत राहिले. मग झरोक्याकडे पाहिलं. नव्या रंगातून ते हात वर आले होते, ओले. सगळ्यांत वरचा उजवा. करंगळी अर्धी.

२४ जून
कार्यालयाला लिहिलं: रेषा मागे घ्या, शाळा बंद ठेवा. त्यांनी आधार विचारला. खोटा साक्षीदार लिहिता आला असता. मी नाही लिहिला.

९ जुलै
पाऊस थांबत नाही. रोज शाळेत जाऊन बसते. मैनाबाई विचारतात, बाईनं बी पहिलीत नाव घातलं का? सुरभी माझ्या शेजारी बसते. आज त्या हातांतून पाणी गळत होतं. सर म्हणतात, ओल आहे, पावसाळा संपला की बघू.

१६ जुलै
नदी फुगून नाल्यातून पाणी उलटं आलं. सरांनी मुलं उंचवट्यावर नेली. एक कमी. सुरभी दप्तरासाठी मागे फिरली – मी आत आले – दार पाण्याने दाबलं, उघडत नाही.

फोनवर लिहितेय. टेबलावर उभ्या आहोत. ती कडेवर. रडत नाही. विचारते, बाई, आता मोजता का माया हात?

पाणी छातीपर्यंत. झरोक्याला लागूनच्या मागच्या उंचवट्यावरून मैनाबाई हाका मारतायत. झरोक्यातून आवाज येतो –

मोठा हात गवंड्याचा नव्हता.

तिला खांद्यावर घ्यायचं तर भिंतीचा आधार – ती जाईल. झरोका तिच्यापुरता आहे. फोन तिच्या दप्तरात टाकते. मैनाबाई, तिला ओढून घ्या, खाली बघू नका – डावा हात भिंतीवर, उजव्याने तिला